एक चौक, एक प्रहर: पुण्याची विसर्जन मिरवणूक बघायची आणि टिपायची कशी

पुण्याची विसर्जन मिरवणूक मी अख्खी बघितली, असं कुणी सांगू लागलं की तो थापा मारतोय असं खुशाल समजावं. सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमाराला मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून कसबा गणपतीची पालखी हलते, आणि शेवटचं मंडळ मिरवणुकीच्या दुसऱ्या टोकाचा अलका चौक ओलांडतं तोवर दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडलेली असते. अलीकडे हा प्रकार २८ तासांच्या वरच चालतो. एवढा वेळ उभं राहणं पोलिसांना भाग असतं, तुम्हाला नाही.

मी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेले त्या वर्षी मंडई ते अलका अशा चार फेऱ्या मारल्या. जिथून ढोल ऐकू येईल तिकडे पळत सुटायचं, गर्दीत घुसायचं, दोन्ही हात वर करून बटण दाबायचं. रात्री घरी येऊन बघते तर हजारावर फोटो, त्यातल्या निम्म्यांत दुसऱ्याच कुणाच्या तरी हातातला मोबाईल आणि उरलेल्यांत माणसांच्या पाठी. वर भर चौकात, गुलाल उडत असताना लेन्स बदलण्याचा शहाणपणाही केला होता. कॅमेऱ्यात शिरलेल्या गुलालाचे ठिपके पुढे दिवाळीच्या फोटोंपर्यंत पुरले.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: एक चौक, एक प्रहर. खाली जे सांगतेय ते सगळं या नियमाभोवतीच फिरतं.

आधी प्रहर ठरवा

मिरवणूक एक दिसते, पण तिच्यात तीन वेगळ्या मिरवणुका आहेत.

पहिली सकाळची, मानाच्या पाच गणपतींची. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हा क्रम ठरलेला आहे, त्यात बदल होत नाही. कसबा आणि जोगेश्वरी चांदीच्या पालखीत येतात. मूर्ती लहान, त्यामुळे नजर आपोआप भोयांच्या खांद्यांवर आणि पायांवर जाते. गुरुजी तालीम आली हे डोळे मिटूनही कळतं, कारण गुलाल नाकात जातो. (१८८७ साली हिंदू आणि मुस्लिम घरांनी मिळून बसवलेला हा गणपती. पुण्याबाहेरच्या पाहुण्यांना हे मी आवर्जून सांगते.) तुळशीबागेची मूर्ती पाचांत सगळ्यात उंच, ती दोनशे पावलांवरूनही दिसते. केसरीवाड्याची पुन्हा पालखी. या पाचांचं विसर्जन दुपारी चारच्या सुमारापासून एकेक करत संध्याकाळपर्यंत उरकतं.

दुसरी मिरवणूक संध्याकाळची. इथे जुने लेख वाचून जाणारे फसतात. ‘दगडूशेठ बघायचा तर रात्र जागवायला हवी’ हे आता जुनं झालं. २०२३ पासून दगडूशेठचा रथ दुपारीच रांगेत येतो आणि त्या वर्षी तर रात्री नऊच्या आत विसर्जन झालंसुद्धा. रोषणाई केलेला रथ संधिप्रकाशात टिपण्याची संधी आधीच्या पिढीतल्या फोटोग्राफरांना मिळाली नव्हती. ती सोडू नका.

तिसरी रात्रीची. दिव्यांच्या भिंती, मोठमोठे देखावे, मध्यरात्रीपर्यंत भोंगे, मग आवाज बंद होऊन नुसतीच सरकणारी रांग, आणि सकाळी सहाला पुन्हा दणदणाट. तरुण पोरं हीच खरी मिरवणूक मानतात. मला ती सोसत नाही, पण तिचाही एक तास असा आहे की ज्याच्यासाठी जावं. तो पुढे सांगते.

पहिल्यांदा जात असाल तर सकाळी दहा ते दुपारी तीन हाच प्रहर घ्या. उजेड भरपूर, गर्दी बेताची, बायकामुलांना सोपं, आणि ढोल-ताशा पथकं ताजीतवानी असतात. रात्री तीन वाजता वाजवणाऱ्याच्या चेहऱ्यावर फक्त झोप उरलेली असते.

अनंत चतुर्दशीची तारीख दर वर्षी सरकते. २०२४ मध्ये १७ सप्टेंबर होती, २०२५ मध्ये ६ सप्टेंबर. त्यामुळे पावसाचा अंदाजही दर वर्षी नव्याने बघावा लागतो. बंद रस्त्यांची आणि पार्किंगची यादी पोलीस दोन-चार दिवस आधी जाहीर करतात, वर्तमानपत्रात ती छापून येते. तिचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या, कारण ऐन गर्दीत नेट चालेलच असं नाही.

मग चौक, आणि चौकाआधी ऊन

लक्ष्मी रोड साधारण पूर्व-पश्चिम आहे आणि मिरवणूक पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे बेलबागेकडून अलकाकडे सरकते. फोटोच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची माहिती हीच, आणि ती कुणी सांगत नाही.

सकाळी ऊन मिरवणुकीच्या पाठीवर असतं. तुम्ही समोरून फोटो घेतलात तर चेहरे काळे पडतात, पण उडालेला गुलाल, ध्वजाचं कापड, अगरबत्तीचा धूर हे सगळं आतून पेटल्यासारखं दिसतं. म्हणून सकाळी चेहऱ्यांचा हट्ट सोडा आणि धूळ-धूर-कापड टिपा. दुपारी सूर्य डोक्यावर येतो तो पुण्यात साडेबाराच्या सुमाराला, आणि सप्टेंबरात तो जवळजवळ माथ्यावरच असतो. फेट्याखालचे डोळे काळोखात जातात. हा वेळ फोटोंसाठी वाईट, जेवणासाठी उत्तम. तीननंतर मात्र ऊन समोरून, थेट वाजवणाऱ्यांच्या तोंडावर येतं. ढग नसतील तर चार ते साडेपाच हा सोन्याचा वेळ. सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो, पण दोन्ही बाजूंच्या इमारतींमुळे रस्त्यावरची सावली त्याच्या बरीच आधी चढते. त्यातही उत्तरेकडच्या फुटपाथवर ऊन जास्त वेळ टिकतं.

आता चौक.

बेलबाग चौक सगळ्यांना माहीत असतो. शिवाजी रोडवरून आलेली मंडळं इथे लक्ष्मी रोडला वळतात, आणि वळताना रथ तिरका होतो, मूर्ती एका बाजूने दिसते, पथक अर्धगोल करतं. फोटो इथे फार छान मिळतात. चेंगराचेंगरीही इथेच. लहान मूल किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल तर बेलबाग चौकाचं नाव काढू नका.

कुंटे चौक, उंबऱ्या गणपती चौक हा मधला पट्टा माझ्या आवडीचा. पथकं इथे रेंगाळतात, रस्ता त्या मानाने अरुंद असल्यामुळे वरच्या मजल्यांवरून फुलं पडतात, आणि दोन्हीकडे सटकायला बोळ आहेत. बोळाचं महत्त्व पहिल्याच वर्षी कळतं. ज्या जागेला मागून बाहेर पडायची वाट नाही, ती जागा कितीही चांगली दिसली तरी घेऊ नका.

अलका चौक म्हणजे टिळक चौक. लक्ष्मी, कुमठेकर, केळकर आणि टिळक या चारही रस्त्यांवरची मंडळं इथे येऊन मिळतात, महापालिकेचा स्वागत मंडप इथेच असतो, आणि पथकं आपलं शेवटचं, सगळ्यात जोरकस वादन इथेच करतात. जागा मोकळी आहे, आकाश दिसतं. संध्याकाळसाठी हाच चौक.

उंची मिळाली तर फार फरक पडतो. जमिनीवर उभं राहिलं की पहिली रांग दिसते, दीड-दोन फूट वर गेलं की पथकाची आखणी दिसते. दुकानाची पायरी किंवा एखादा ओटा पुरतो. लक्ष्मी रोडला कुणाच्या ओळखीची गॅलरी असेल तर आठवडाभर आधी फोन करा आणि जाताना पेढे न्या. मात्र दुसऱ्या मजल्याच्या वर जाऊ नका. तिसऱ्या मजल्यावरून माणसं म्हणजे नुसते फेटे. आणि गॅलरी जुनी असेल, वर आधीच वीस जण असतील, तर मुकाट्याने खाली या.

जागा एकदा घेतली की दोन तास हलायचं नाही. लोक तुम्हाला ओळखू लागतात, शेजारच्या काकू तुमची पिशवी सांभाळतात, कार्यकर्ता तुमच्याकडे बघून हसतो. फोटो त्यानंतर मिळायला लागतात.

तालीम नदीपात्रात

क्रिकेट न खेळता एकदम सामन्याला उतरणाऱ्यासारखं विसर्जनाला कॅमेरा घेऊन जाऊ नका. गणपतीच्या आधी महिना-दीड महिना ढोल-ताशा पथकांचा सराव संध्याकाळी नदीपात्रात आणि ठिकठिकाणच्या मैदानांवर चालतो. तिथे जा. गर्दी नाही, गुलाल नाही, आणि जवळ जाऊन विचारता येतं. पथकातल्या मुलामुलींनाही फोटो हवेच असतात.

दुसरी तालीम गणेश चतुर्थीच्या सकाळी. आगमनाच्या मिरवणुका लहान असतात, दोन-तीन तासांत आटपतात, आणि पथकं तीच. दहा दिवसांनी विसर्जनाला तुम्हाला तेच ताशेवाले पुन्हा दिसतील आणि तेही तुम्हाला ओळखतील.

पथक कसं वाचायचं

ढोल-ताशा म्हणजे नुसता आवाज असं ज्यांना वाटतं त्यांचे फोटोही तसेच येतात. पथकाला व्याकरण असतं. ते कळलं की पुढे काय होणार हे क्षणभर आधी कळतं, आणि बटण नेमकं तेव्हाच दाबता येतं.

सगळ्यात पुढे ध्वज. मग दोन्ही कडांना ढोलांच्या रांगा, मधे ताशे, आणि टोल. टोल म्हणजे टांगलेलं धातूचं वाद्य, त्याचा ‘टण्ण’ आवाज सगळ्यांना तालावर धरून ठेवतो. झांजा असतील तर त्या बहुतेक लहान मुलांकडे. ढोल कमरेला बांधलेला. एका अंगाला टिपरू, म्हणजे वाजवायची काठी, पडते, दुसऱ्या अंगाला हाताची थाप.

कारभार ताशाकडे. ढोलांची संख्या कितीही असो, हुकूम ताशाचा. ताशेवाला तर्री घुमवायला लागला, काठ्या इतक्या जलद की दिसेनाशा झाल्या, की समजा हात बदलणार. पथकात तालाच्या प्रकाराला ‘हात’ म्हणतात. तर्रीच्या वेळी सगळे ढोलवाले क्षणभर थांबतात, मान ताशाकडे, टिपरू हवेत. नवखा माणूस या वेळी कॅमेरा खाली घेतो, कारण त्याला वाटतं वादन संपलं. खरा फोटो तोच. पुढच्या सेकंदाला शंभर टिपरी एकदम खाली येतात.

म्हणून पहिलं पथक फुकट जाऊ द्या. कॅमेरा पिशवीत, नुसतं बघा. कोण मान डोलावतंय, कुणाचे डोळे मिटलेत, ध्वज नाचवणारी मुलगी किती वेळाने गिरकी घेते, हे मोजा. दर आवर्तनाला ती त्याच जागी येते. पुढच्या वेळी तुम्ही तिच्या आधी तिथे असता.

आणि ढोलांच्या रांगेत शेवटून दुसरा-तिसरा वादक शोधा. पुढच्या रांगेत पथकातले तयार, देखणे, कॅमेऱ्याची सवय असलेले चेहरे असतात. मागे असते पहिल्या वर्षाची पोरगी, अंगठ्याला चिकटपट्टी, ओठ मोजणीत हलताहेत, चुकले तर काय होईल याची भीती तोंडावर. माझ्याकडचे सगळ्यात चांगले तीन फोटो मागच्या रांगेतले आहेत.

कॅमेरा आणि मोबाईलची मांडणी

कॅमेरा असेल तर एकच लेन्स लावून घरातून निघा. २४-७० मिलिमीटर किंवा तत्सम झूम पुरतो. ऐंशी टक्के काम ३५ ते ५० मिलिमीटरमध्ये होतं. पुढे साधा यूव्ही फिल्टर लावा, एरवी मी त्याच्या विरोधात असले तरी. गुलाल फार बारीक असतो, तो काचेवर बसला की कापडाने पुसू नका, ओरखडे पडतात. रबरी फुंकणीने उडवा, मग मऊ ब्रश. फुंकणी नसेल तर तसाच राहू द्या. काचेवरचे दोन-चार कण फोटोत दिसत नाहीत. पुसल्यावर झालेला गुलाबी चिखल मात्र दिसतो. बॅटरी दोन, कार्ड दोन, आणि लेन्स बदलायची वेळ आलीच तर आधी बोळात, शक्यतो कुणाच्या तरी घरात.

ढोलाचं टिपरू हवेत गोठवायचं तर शटरचा वेग १/५०० सेकंद लागतो. पण सगळंच गोठवलं की फोटो पुतळ्यांसारखा दिसतो. १/६०, धीर असेल तर १/३० वर या, श्वास रोखा, कोपरं बरगड्यांना टेकवा: चेहरा स्थिर आणि हात धूसर. असे दहा काढले की एक जमतो. उन्हात १/३० ठेवायचं तर फोटो पांढराफटक पडतो. तेव्हा आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) किमान ठेवा, लेन्सचं छिद्र जाईल तेवढं मिटवा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर सरळ सावली येण्याची वाट बघा.

फोकस भगव्या ध्वजाला जाऊन चिकटतो, ही नेहमीची तक्रार. सगळ्या चौकटीवर फोकस ठेवला की असंच होणार. एकच बिंदू निवडा, तो डोळ्यावर ठेवा. चांदीची पालखी किंवा सोनेरी मुकुट उन्हात असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण-एक स्टॉप खाली आणा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा), नाहीतर चांदीच्या जागी पांढरा डाग येतो.

मोबाईलवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये, या गर्दीत मोबाईल कॅमेऱ्यापेक्षा सोयीचा आहे. फक्त चार गोष्टी पाळा. निघताना काच पुसा. चिमटीने झूम करू नका, दोन पावलं पुढे जा किंवा २एक्सचं बटण असेल तर तेवढंच वापरा. चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथे बांधला जातो. आणि तर्रीच्या वेळी बर्स्ट, म्हणजे एका दमात सलग फोटो. कव्हरला मनगटात अडकवायची दोरी हवीच. बेलबाग चौकात मोबाईल हातातून पडला तर तो परत मिळण्याची आशा सोडा.

व्हिडिओ घेणाऱ्यांसाठी: पथकाच्या चार फुटांवर आवाज फुटतो, नुसती खरखर ऐकू येते. पंधरा-वीस मीटर मागे सरा किंवा शेजारच्या बोळात चार पावलं आत जा. भिंतीवरून येणारा ढोल फार सुंदर रेकॉर्ड होतो.

रांगोळी बघायला खाली बघा

सगळे वर बघत असतात, म्हणून पायाखालची एक गोष्ट सुटते. मानाच्या गणपतींच्या वाटेवर राष्ट्रीय कला अकादमीचे कलाकार रांगोळीच्या पायघड्या घालतात. पालखी येण्याच्या जेमतेम काही मिनिटं आधी पाच-सहा जण वाकून, चाळणीने रंग सांडत, मागे मागे सरकत जातात. एकीच्या हातात पांढऱ्याची मूठ असते, ती बोटांच्या फटीतून न थांबता रेघ सोडत जाते. रेघ तुटत नाही. डोक्यावर ढोल वाजतोय, कार्यकर्ते ‘चला चला’ करताहेत, आणि तिचं लक्ष त्या मुठीत.

आणि मग पालखी येते. भोयांची अनवाणी पावलं त्या रांगोळीतून जातात, टाचांना हिरवा-गुलाबी रंग लागतो, पुढच्या काळ्या डांबरावर दहा-बारा रंगीत ठसे उमटतात. मागचं पथक आलं की तेही पुसले जातात. या सगळ्याला पाच मिनिटं पुरतात. गुडघ्यावर बसा, कॅमेरा जमिनीपासून वीतभर वर धरा. आधी मागच्या माणसाला सांगा की मी बसतेय, नाहीतर तो तुमच्या अंगावर पडेल.

दोरीच्या आत, दोरीच्या बाहेर

पथकाभोवती कार्यकर्ते दोरी धरून चालतात. दोरी ही हद्द आहे. न विचारता तिच्या आत जाणं म्हणजे चप्पल घालून देवघरात जाणं. एकदा मी नकळत आत गेले तेव्हा विशीतल्या एका पोराने हात जोडून सांगितलं, “ताई, पाय पडतो तुमच्या, बाहेर व्हा. मागून रथ येतोय, त्याला ब्रेक नाही.” खरंच, माणसांनी ओढलेल्या रथाला थांबायला वेळ लागतो.

आत जायचंच असेल तर पथकप्रमुखाला आधी भेटा, सरावाच्या दिवसांत. बहुतेक जण दहा मिनिटं देतात. आत गेल्यावर ताशेवाल्याच्या आणि ढोलवाल्यांच्या मधे येऊ नका. त्यांची नजरानजर तुटली की ताल तुटतो.

मुलींच्या पथकांचे फोटो काढताना एक गोष्ट स्पष्ट सांगते. लांबून, मोठ्या लेन्सने, घामाने भिजलेल्या मुलींच्या अंगावर रोखलेले कॅमेरे त्यांना बरोबर कळतात. चेहरा, हात, ढोल, मैत्रिणींचं हसणं, हे समोर उभं राहून काढा. नजर मिळाली की मान हलवून विचारा. नकार आला तर विषय संपला. लहान मुलांच्या बाबतीत आईबापांना विचारा. आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी घाटावर, हौदाशी, भंगलेल्या मूर्तींचे फोटो काढून फिरवू नका. ज्यांनी दहा दिवस आरती केली त्यांच्या जिवाला ते लागतं.

ड्रोन उडवायचा विचार मनात आला असेल तर पोलीस परवानगीशिवाय तो तिथेच सोडून द्या.

रात्रीचा तो एक तास

सूर्यास्तानंतरची २५-३० मिनिटं, जेव्हा आकाश गडद निळं असतं आणि रथांचे दिवे लागलेले असतात, तो हा तास. तास म्हणायचं, असतो अर्धाच. अलका चौकात आकाश मोकळं दिसतं म्हणून तिथे उभं राहा. छिद्र एफ/२.८ किंवा त्याहून उघडं, शटर १/१२५, आयएसओ १६०० ते ३२००. रोषणाई असेल तर एक स्टॉप खाली. दिवे आहेत तसे चमकू द्या, अंधाराला अंधार राहू द्या. फ्लॅश बंद, त्याने गुलालाचा प्रत्येक कण पांढरा ठिपका होऊन समोर येतो.

एलईडीच्या भिंतींमुळे फोटोत काळे आडवे पट्टे येतात. शटर १/१०० किंवा १/५० वर आणलं की बहुतेक वेळा जातात. नाही गेले तर आणखी सावकाश करा.

लेझरबद्दल मात्र थट्टा नको. पुणे पोलिसांनी २०२४ मध्ये उत्सवात लेझरच्या झोतांवर बंदी घातली होती, आणि कारण सरळ आहे: थेट झोत डोळ्याच्या पडद्याला इजा करतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर तो पडला तर कायमची रेघ उमटू शकते, मोबाईलच्याही. कुठे लेझर दिसलाच तर लेन्सवर हात ठेवा आणि तोंड फिरवा.

कानात बोळे घालायला लाजू नका. मी औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे घालते. ढोल तरीही ऐकू येतो, नुसता छातीत ऐकू येतो. लहान बाळांना भोंग्यांच्या भिंतीजवळ नेऊच नये.

पोट, पाणी, पाय

गाडी घेऊन पेठेत शिरायचा प्रयत्न करू नका. मेट्रो सोयीची झाली आहे, २०२५ च्या विसर्जनाला ती रात्रभर चालू होती. मंडई स्टेशन नावाने जवळचं, पण सगळे तिथेच उतरतात. मी डेक्कनला उतरते आणि लकडी पुलावरून चालत येते.

पायात बंद बूट. गुलाल आणि पाऊस मिळून रस्ता साबणासारखा निसरडा होतो. कपडे जुने, सुती, आणि जातील या हिशेबाने घातलेले. दुपारची सर हमखास येते. छत्री उघडलीत तर मागचे शंभर जण शिव्या देतील, तेव्हा डोक्यावरून घ्यायचा प्लास्टिकचा रेनकोट घ्या आणि कॅमेऱ्यासाठी दुधाची धुतलेली मोठी पिशवी. सॅक पाठीवर नको, पुढे छातीवर. पाकीट घरी ठेवा, थोडे सुटे पैसे दोन खिशांत. विसर्जनाला खिसेकापूही नेमाने येतात.

पाण्याची बाटली न्या, पण घोट घोट प्या. बायकांसाठी हे मुद्दाम लिहितेय: स्वच्छतागृह हा दिवसभरातला सगळ्यात अवघड प्रश्न असतो. त्या भागात एखादी मैत्रीण, मावशी, जुनी शिक्षिका राहत असेल तर आधीच सांगून ठेवा. नसेल तर दर तीन तासांनी डेक्कनकडे बाहेर पडा, हॉटेलात बसा, खा, मग परत या. तेवढ्या वेळात मिरवणूक फार तर दोन चौक सरकलेली असते.

बरोबरच्यांची चुकामूक होणारच. मिरवणुकीच्या रस्त्यावर नसलेलं एक ठिकाण भेटण्यासाठी ठरवून ठेवा आणि लहान मुलांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला.

गर्दी अंगावर यायला लागली तर तिच्या उलट दिशेने जाऊ नका. तिच्याबरोबर, तिरकं तिरकं सरकत बोळाच्या तोंडाशी या. हात छातीपाशी दुमडलेले, म्हणजे श्वासाला जागा राहते. आणि ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की कॅमेरा खाली. त्या गच्च रस्त्यात क्षणात वाट कशी होते, ढोल कसे थांबतात, हे उघड्या डोळ्यांनी बघण्यासारखं आहे, आणि तुमचे दोन्ही हात माणसं मागे सारायला हवे असतात.

पुण्याबाहेर असाल तर

हीच पद्धत इतरत्र थोड्या फरकाने चालते. गुढीपाडव्याच्या शोभायात्रा सकाळच्या असतात. डोंबिवलीला ही प्रथा १९९९ मध्ये सुरू झाली, मग ठाणे, गिरगाव, नाशिक असं लोण पसरलं. तिथे उन्हाची तिरीप कोवळी, वेळ तीन-चार तासांचा, लोक मुद्दाम नटून आलेले आणि फोटोला तयार. अडचण एकच: गिरगावात नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या प्रत्येक बाईसमोर दहा कॅमेरे असतात. तुम्ही अकरावे होऊ नका. यात्रा सुरू होण्याच्या तासभर आधी चाळीच्या जिन्यात जा, जिथे नाकात नथ अडकवणं आणि लेझमा मोजणं चाललेलं असतं.

गोव्यात शिगमोत्सवाची मिरवणूक संध्याकाळी सुरू होऊन रात्रीत शिरते. रोमटामेळ (ढोल-ताशांवर नाचत जाणारे जथे), घोडेमोडणी आणि मागून चित्ररथ. घोडेमोडणीत नाचणाऱ्याच्या कमरेला लाकडी घोडा असतो. त्याचं डोकं आणि माणसाचा चेहरा एकाच रेषेत येतात तो क्षण बघून ठेवा.

घरी आल्यावर

आंघोळ आधी, फोटो नंतर. पण कॅमेरा आंघोळीच्याही आधी: बाहेरून फुंकणी मारा, किंचित ओलसर कापडाने बॉडी पुसा, मग कार्डाचं झाकण उघडा. कार्डातले फोटो दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय कार्ड पुसू नका.

निवड दुसऱ्या दिवशी करा. त्याच रात्री केलीत तर कानात ढोल असतात आणि सगळेच फोटो चांगले वाटतात. पाचशेतले वीस ठेवले तरी पुष्कळ. प्रत्येकाखाली मंडळ, पथक, चौक आणि वेळ लिहा. पुढच्या वर्षी कुठे कधी उभं राहायचं याची तीच वही होते. रंग वाढवायचा मोह आवरा. गुलालाला कॅमेरा आधीच भडक करतो. लाल थोडा उतरवला तर चेहऱ्यांवर कातडीचा रंग परत येतो.

मग फोटो पथकाला पाठवा. ‘पाठवते हं’ म्हणून न पाठवणाऱ्यांची यादी प्रत्येक पथकाकडे असते. मागच्या रांगेतल्या त्या अंगठ्याला चिकटपट्टी लावलेल्या पोरीचा फोटो मी छापून तिच्या पथकप्रमुखाकडे दिला होता. पुढच्या वर्षी सरावाला गेले तर ती दुसऱ्या रांगेत होती आणि दोरीपाशी कार्यकर्त्याला सांगत होती, “त्या मावशींना आत येऊ दे.” ताईची मावशी कधी झाले ते कळलं नाही, पण दोरी वर झाली होती, म्हणून वाद घातला नाही.